न चाखलेली कढी

९ मार्च, रविवार

आज दशाश्वमेधाच्या वरच्या गल्लीतल्या एका हॉलमध्ये चुलतभावाच्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होतं. जेवून आलो. चुळा भरल्या, बडीशेप खाल्ली, तरी तोंडातली चव जात नाही. जुन्या तेलाची चव आहे ती. वडे सकाळीच तळून स्टीलच्या पिंपात झाकून ठेवलेले. घाम सुटून ते मऊ पडले होते. खिरीला कस्टर्डचा पिवळा रंग आणि तसलाच वास. हात धुवायला मागच्या बाजूला गेलो, तर स्वयंपाकवाल्यांपैकी एकाने कढीत बोट बुडवून चाखलं, तेच बोट पँटीला पुसलं आणि ओरडला, "नमक ठीक है, जाने दो." तीच कढी पुढे पितरांच्या पानावर गेली.

श्राद्धाचा स्वयंपाक आधी चाखायचा नसतो. पितरांचं पान होईपर्यंत त्यातलं काही कोणी जिभेवर ठेवत नाही. आम्हा काशीतल्या मराठी घरांत हे पोरासोरांनाही माहीत असतं. मी काही फार देवधर्म करणारा माणूस नाही. पण ते बोट डोळ्यांपुढून हलत नाही.

दोन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये माझी बायको इंदूही जेवली होती. घरी येऊन मोरीत ओकली आणि तोंड पुसत म्हणाली, "माझ्या वेळी असलं काही घालू नका हं." तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.

इंदूला जाऊन जूनमध्ये वर्ष होईल. संध्याकाळी मुलाचा, यज्ञेशचा, हैदराबादहून फोन आला. आईच्या वर्षश्राद्धाला हाच हॉल बरा, सगळं पॅकेजमध्ये असतं, कोणाला त्रास नाही, असं म्हणाला. मी बघू म्हणालो.

१२ मार्च

रामघाटावर वेदांत गुरुजींकडे गेलो. त्यांना विचारलं की घरी सोवळ्यात श्राद्धाचा स्वयंपाक करून देणारं आता कोण आहे. कोणी नाही म्हणाले. करणाऱ्या बायका एक तर गेल्या, नाही तर मुलांकडे पुण्याला. आता सगळे हॉलच धरतात.

मी म्हटलं, मग मी करीन. हे मी का म्हणालो माहीत नाही. गुरुजींनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"नीलकंठराव, चहा तरी येतो का?"

"येतो."

"मग झालं. यातही तसंच आहे, फक्त चाखायचं नाही."

ते हसले, मीही हसल्यासारखं केलं. मग त्यांनी सरळ सांगितलं: वैशाखी पौर्णिमेला नक्की काय ते कळवा. तिथी गंगा दशहऱ्याच्या आदल्या दिवशी येते आहे, उशीर केला तर हॉलही मिळणार नाही. आणि श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाक बिघडला तर तिथी काही पुढे ढकलता येत नाही.

परत येताना घाटाच्या पायऱ्यांवर झेंडूच्या माळांचा कुजका लगदा पडला होता. त्यात पाय पडला. घरी येऊन पाय तीनदा धुतले.

१६ मार्च, रविवार

पहिला प्रयत्न. कढी फुटली. पिवळ्या पाण्यात पांढरे कण तरंगत होते. आजाऱ्याचं भांडं असावं तसं दिसत होतं. ती मोरीत ओतताना मळमळलं. वाटलेली उडदाची डाळ बोटांत धरली की शेंबडासारखी ओघळते. इंदू हे हातांनी फेटत असे, याचं आज आश्चर्य वाटलं. अळूची पानं हाताला चिंच न चोळता चिरली. मनगटापर्यंत खाज सुटली.

बकुळ आली होती. माझी धाकटी बहीण, शाळेत शिकवते, संकठाजीच्या देवळाजवळ राहते. रविवारी माझी खबर घ्यायला येते आणि मी काहीच नीट खात नाही म्हणून ओरडते. आज तिला वडा दिला. तिने तो ताटात आपटून पाहिला.

"दादा, याला घाटावर नेऊन नाव बांधता येईल."

मी स्वतः खाल्लं नाही. गेल्या जूनपासून शिजलेल्या अन्नाचा वास आला की मला हॉस्पिटलमधली खिचडी आठवते. तिच्यावर साय धरत असे आणि इंदू ती चमच्याने बाजूला करत बसे. खायची नाही. घरी मी टोस्ट आणि दुधावर आहे. त्याला वास नसतो.

३० मार्च

पाडवा. वर्षाच्या आत असल्यामुळे गुढी नाही. लोक भेटायला आले. येणाऱ्यांतला प्रत्येकजण हेच म्हणाला की सुटली बिचारी. सुटली म्हणजे काय? कैदेत होती का? एक बाई बोलताना माझ्या खांद्यावर हात ठेवत होत्या आणि त्यांच्या हाताला बासुंदीचा वास येत होता. सगळे गेल्यावर मी शर्ट धुवायला टाकला.

१३ एप्रिल, रविवार

मी रेल्वेच्या कारखान्यात तपासणीस होतो. तीस वर्षं दुसऱ्यांनी केलेला माल पास-नापास करण्यात गेली. तेव्हा विचार केला की हेही मोजून करावं. काट्यावर मीठ तोललं, दही तोललं, सगळं लिहून ठेवलं. गेल्या रविवारची कढी बकुळने वाटीभर प्यायली. आज तेवढंच मीठ, तेवढंच पाणी, आणि बकुळ म्हणते नुसतं आंबट पाणी आहे. दही तेच, दुकान तेच. फक्त उन्हाळा वाढला. चैत्रात दही ज्या वेगाने आंबतं, त्याला माझा काटा काय करणार? काटा कपाटात ठेवला. ते कागद फाडून टाकले.

बकुळचा एक उपयोग आहे. ती नुसतं वाईट म्हणत नाही, काय वाईट ते सांगते. जिऱ्याचा जळका वास आला, भोपळा शिजून शेण झाला, आमसुलाच्या चटणीने दात आंबले. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं. कारखान्यात काही तपासणीस प्रत्येक मालावर नुसतं "ठीक आहे" लिहीत. त्या शेऱ्यावरून बनवणाऱ्याला काहीच करता येत नसे. मला त्यांचा फार राग येई.

इंदूच्या हाताला हे होतं. आईचं श्राद्ध कार्तिकात असतं. दर वर्षी इंदू न चाखता सगळं बरोबर करायची. मी समजत होतो की काहींना ती देणगीच असते. एवढंच की तिच्या डोक्यात कसा हिशेब होता कोण जाणे, आईच्या श्राद्धाच्या आधीच्या रविवारीही तीच कढी, तोच भोपळा, तेच वडे. दोन वेळा तेच खावं लागे. दही उरलं असेल, संपवत असेल, असं मी धरून चाललो होतो.

२० एप्रिल, रविवार

कढीत मीठच नाही. फोडणी देत होतो तेवढ्यात यज्ञेशचा फोन आला, बोलून झाल्यावर मीठ घालायचं राहून गेलं. पानात वाढेपर्यंत मला कळलं नाही. बकुळने पहिल्या घोटालाच तोंड वाकडं केलं, आणि मला स्वतःचीच शिसारी आली. श्राद्धाच्या दिवशी असं झालं तर कोणी सांगणारही नाही. श्राद्धाला जेवणारे गुरुजी मौन धरून जेवतात. अन्नाला चांगलं म्हणायचं नाही, वाईटही म्हणायचं नाही, आणि पानात वरून मीठ वाढायचं नाही. चुकलेला माल मुकाट पुढे जाणार.

म्हणून आजपासून नियम केला. प्रत्येक पदार्थाचं मीठ आधीच वेगवेगळ्या वाट्यांत काढून ठेवायचं. घातलं की वाटी पालथी. आणि मीठ घातल्याशिवाय फोडणी करायचीच नाही, घरात आग लागली तरी.

४ मे, रविवार

आज एक गोष्ट झाली. दह्याचं भांडं उघडलं आणि वासावरूनच कळलं की आज याला पाणी जास्त, साखर थोडी जास्त आणि मीठ जरा वर लागणार. हात आपोआप तेवढंच मीठ घेऊन वर आला. बकुळ दोन वाट्या प्यायली. मग म्हणाली, "आज शिव्या द्यायला काही नाही रे. बोअर झालं."

वड्यांचं मात्र अजून नक्की नाही. डाळ फेटून हलकी झाली की नाही, हे पाण्यात चिमूट टाकून बघतो. तरंगली तर पास. उडदाच्या त्या चिकट गोळ्याची आता तेवढी घाण वाटत नाही. वाटते, पण हात मागे येत नाही.

१२ मे, पौर्णिमा

गुरुजींकडे जाऊन स्वयंपाक मीच करणार असं सांगितलं. त्यांनी विचारलं, धाकधूक नाही ना? मी खरं ते सांगितलं की मार्चमध्ये होती, आता तेवढी नाही. ते म्हणाले की आमच्या पाठशाळेत मुलांचंही तसंच असतं. पाठ पक्का नसेल तो पोरगा परीक्षेच्या दिवशी सारखं देवाचं नाव घेतो. पक्का असेल तो झोपून येतो.

यज्ञेशला फोन केला. तो भडकला. "बाबा, ये ज़िद क्यों? काही गडबड झाली तर आईचं कार्य बिघडेल. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक काही म्हणणार नाहीत, श्राद्धाला बोलायचं नसतं. त्याला ते विनोदी वाटलं नाही. शेवटी म्हणाला की मला भीती वाटते. त्याच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. तुला आईकडे पोचतं असं वाटतं का, असं मी विचारलं. माहीत नाही म्हणाला. मलाही माहीत नाही. पण पोचत असेल तर खराब माल पाठवायचा नाही, एवढं मला माहीत आहे.

२५ मे, रविवार

आज पूर्ण तालीम. पहाटे अंघोळ, सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून सगळा स्वयंपाक. उकाडा असा की मुकटा पाठीला चिकटून त्याला ओल्या कुत्र्यासारखा वास यायला लागला. मध्येच वीज गेली. मिक्सर बंद. बकुळने अर्धी डाळ पाट्यावर वाटली आणि तेवढ्या वेळात माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेलाच्या धुराने दोघांचे डोळे वाहत होते. आरशात पाहिलं तर स्वतःची किळस आली.

सगळं जेवण पास झालं. वीज गेली ते बरं झालं. त्या दिवशी गेली तरी चालेल.

३ जून

यज्ञेश आला. त्याने स्वयंपाकघर पाहिलं, डब्यांवरच्या माझ्या चिठ्ठ्या पाहिल्या, आणि आईचा चहाचा कप कुठे आहे विचारलं. कपाटात आहे म्हणालो. तो कपाटापाशी बराच वेळ उभा होता. मी अळू धुवायला घेतलं. हाताला चिंच चोळून, मग.

दशहऱ्याची गर्दी आजच सुरू झाली आहे. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. घामाचा, उदबत्तीचा आणि उघड्या गटाराचा एकत्र वास येतो. दूधवाल्याला सांगितलं, उद्या पहाटेच ये.

४ जून

सगळं क्रमाने लिहून ठेवतो.

दूधवाला गर्दीत अडकला, उशिरा आला. म्हणून खीर मागे ठेवली आणि भाज्या आधी केल्या. असं झालं तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवलं होतं. दही उन्हाने चांगलंच आंबलं होतं, वासावरून पाणी वाढवलं. वरण, भोपळा, अळू, चटणी झाली. कढीही झाली. पुढच्या खोलीत गुरुजी आले, यज्ञेश पाटावर बसला, संकल्प सुरू झाला. वडे पानं मांडल्यावर तळायचे म्हणून डाळ फेटून ठेवली. तिच्यात मीठ अगदी तळायच्या वेळी पडतं, नाहीतर तिला पाणी सुटतं.

एवढ्यात यज्ञेशने हाक मारली, पळीपंचपात्रातली पळी सापडेना. मी ती देऊन परत आलो तर ओट्यावर मिठाची एकही वाटी नाही. बकुळने सगळ्या गोळा करून धुतल्या होत्या.

"पसारा झाला होता," ती म्हणाली. "एक-दोन वाट्यांत मीठ होतं, ते बरणीत ओतलं. का, काय झालं?"

मी विचारलं, एक की दोन? तिला आठवेना. मी काही नाही म्हणालो. ती पानं मांडायला बाहेर गेली.

वड्यांची वाटी भरलेली असणारच. बाकीच्या पालथ्या केलेल्या आठवत होत्या, कढीची आठवत नव्हती; दुसरी भरलेली असली तर ती कढीची. म्हणजे कढीत मीठ आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं.

स्वयंपाकघरात मी एकटा होतो. कढीचं भांडं समोर होतं. बोटाचं टोक बुडवलं असतं तर कोणाला कळलं नसतं. हॉलमधल्या त्या माणसालाही असंच वाटलं असेल. त्याचं पँटीला पुसलेलं बोट आठवलं.

मग कढीकडे नीट पाहिलं. वर तुपातलं जिरं तरंगत होतं. फोडणी दिलेली होती. एप्रिलपासून मी मीठ घातल्याशिवाय एकदाही फोडणी दिलेली नाही. आज तरी का दिली असती? माझ्या हातावर माझा विश्वास आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. पाहिलं तर होता. छाती धडधडत नव्हती. भांड्यावर झाकण ठेवलं.

वड्यांचं मीठ आता वाटीत नव्हतं. बरणीतून हाताने घेतलं, डाळीत टाकलं, पुन्हा फेटलं. चिमूट पाण्यात सोडली, तरंगली. तळायला घेतले.

गुरुजी मौन धरून जेवले. मी वाढत होतो आणि त्यांच्या हातांकडे पाहत होतो. कढीसाठी वेदांत गुरुजींनी द्रोण पुढे केला. एवढ्यावरून काय ठरवणार? शेवटी यज्ञेशने विधीप्रमाणे विचारलं, तृप्त झालात ना? झालो, असं त्यांनी विधीप्रमाणे सांगितलं. हे उत्तर ठरलेलंच असतं. हा शिक्का माल न बघता मारतात.

सगळ्यांचं आटोपल्यावर आम्ही तिघं बसलो. बकुळ आणि यज्ञेश माझ्याकडे बघत थांबले होते. मी कढी भातावर घेतली. कढी पास. वड्यांत मीठ किंचित कमी, पण कुरकुरीत. खीर बरोबर. अळू बरोबर.

यज्ञेश मान खाली घालून जेवत होता. एकदा म्हणाला, "बाबा, हे आईसारखंच..." आणि पुढचा घास घेतला. बकुळने माझ्या रिकाम्या पानाकडे पाहिलं आणि नेहमीसारखं ओरडायचं सोडून पानं उचलायला उठली.

८ जून, रविवार

यज्ञेश काल गेला. जाताना आईचा कप मागून घेतला. मी टॉवेलात गुंडाळून दिला.

आज काहीच करायची गरज नव्हती. तरी रात्रीच दही लावलेलं होतं, आणि वड्यांचं मीठ कमी पडलेलं डोक्यातून जात नव्हतं. डाळ भिजत घातली. बकुळ नेहमीच्या वेळी आली. आता तर श्राद्ध झालं, आता तरी मला दुसरं काही खायला घाल, म्हणत पाटावर बसली. मी वाढलं.

तिने वड्याचा तुकडा मोडला, कढीत बुडवला, तोंडात घातला आणि चावता चावता थांबली.

"दादा, असा तोंडाकडे बघत उभा राहू नकोस. घास उतरत नाही. वहिनी अगदी अशीच उभी राहायची तुझ्यासमोर, पळी धरून."

मी विचारलं, कधी?

"आईच्या श्राद्धाच्या आधीच्या रविवारी. दर वर्षी. मला वाटलं तुला माहीत आहे."

मी पळी खाली ठेवली. कढीवर साय धरू लागली होती, ती चमच्याने बाजूला केली. मग तिला विचारलं की तेव्हा मी काय म्हणायचो.

"तू?" बकुळ म्हणाली. "तू काय म्हणणार? ठीक आहे, म्हणायचास."

तेवढ्यावरून इंदू मीठ ठरवत होती.